वीतभर पिस्तूल आणि अठरा वर्षांचं आयुष्य

नाशिकला रणजीची मॅच असली की स्कोअरकार्डवर मैदानाचं नाव येतं, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. क्रिकेट फॉलो करणाऱ्यांनी ते कित्येकदा वाचलेलं असेल. शाळेच्या इतिहासातही या नावाची एक ओळ असते. कान्हेरे यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या आणि ते फासावर गेले, एवढीच. परीक्षेला एक मार्क, की विषय संपला.

पण त्या ओळीत एक आकडा नसतो. फाशी झाली तेव्हा अनंत फक्त १८ वर्षांचा होता. म्हणजे आज एफवायच्या वर्गात बसणाऱ्या मुलाएवढा. दुसरीही एक गोष्ट त्या ओळीत नसते, ती म्हणजे त्याच्या हातातलं पिस्तूल. ते कुठून आलं, कसं चालायचं, त्याची ताकद किती होती आणि ते चाललं त्यानंतर काय काय झालं? अनंतचं छोटं आयुष्य समजून घ्यायचं तर या वीतभर यंत्राचं गणितही समजून घ्यावं लागतं.

कोकणातून निजामाच्या राज्यात

अनंत लक्ष्मण कान्हेरे मूळचा कोकणातला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातला. जन्म १८९२ चा. कोकणातली बरीच मुलं तेव्हा शिकायला नातेवाइकांकडे दूर जाऊन राहत. अनंतही तसाच गेला आणि इंग्रजी शिक्षणासाठी तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला पोचला. हे शहर त्या वेळी निजामाच्या राज्यात होतं. तिथे गंगाराम नावाच्या मारवाडी मित्राच्या घरी खोली घेऊन तो राहायचा.

त्याला लिहिण्याचीही आवड होती. मैत्रीवर त्यानं एक गोष्ट लिहिली होती, तिचं नाव मित्रप्रेम. पुढे या मुलाचं नाव कशासाठी गाजणार आहे हे ठाऊक असलं, की हे शीर्षक वाचताना जरा थांबायला होतं.

गुप्त संघटनेत घेण्याआधी त्याची परीक्षा घेतली गेली, असं सांगतात. दिव्याची तापलेली काच हातात धरायला लावली आणि त्यानं तोंडातून आवाज काढला नाही. अशा गोष्टी प्रत्येक क्रांतिकारकाभोवती जमतात, त्यात खरं किती आणि नंतर चिकटलेलं किती हे वेगळं करणं अवघड. पण नाशिकच्या मंडळींनी या मुलावर विश्वास टाकला, हे मात्र पक्कं.

नाशिकमध्ये तेव्हा अभिनव भारतचं जाळं होतं. विनायक दामोदर सावरकर लंडनला कायदा शिकायला गेले होते आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव नाशिकमध्ये काम सांभाळत होते. कृष्णाजी गोपाळ कर्वे हा पदवी घेऊन वकिलीकडे वळलेला तरुण आपला वेगळा गट चालवायचा. सगळे अण्णा कर्वे म्हणायचे. विनायक नारायण देशपांडे हा त्याच गटातला. गणू वैद्य या नाशिकच्या कार्यकर्त्यामुळे अनंतची या लोकांशी गाठ पडली.

बंदूक कुणाच्या हातात असायची?

आता जरा कायद्याकडे येऊ. १८५७ नंतर इंग्रजांना सगळ्यात जास्त भीती होती ती हिंदी माणसाच्या हातातल्या हत्याराची. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायचं तर परवाना हवा, आणि तो मिळवणं महाकठीण. युरोपियन माणसांना मात्र नियमांतून सूट होती. म्हणजे आपल्या पाचगणी-महाबळेश्वरच्या टेकड्यांवर बंगला बांधून राहणारा गोरा साहेब उशाला रिव्हॉल्वर ठेवून झोपला तर त्याला कुणी विचारणार नाही, आणि खाली वाईत राहणाऱ्या शेतकऱ्याला जुनी ठासणीची बंदूक ठेवायची तरी सरकारच्या दारात उभं राहावं लागणार. स्वसंरक्षणाचा हक्क कातडीच्या रंगावर ठरत होता. हा राग त्या पिढीत खोल भिनलेला होता.

मग पिस्तुलं यायची कुठून? तर बाहेरून, चोरून. १९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये स्वयंपाकाचं काम करणारा चतुर्भुज अमीन मुंबईला परतला. त्याच्या सामानातल्या एका पेटीला खोटा तळ होता. त्या तळाखाली होती २० ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं. ती पाठवली होती सावरकरांनी. पेटी मुंबईला पोचली तोवर नाशिकमध्ये बाबारावांना अटक झालेली होती.

एका अमेरिकन माणसाचं बेल्जियन यंत्र

ब्राउनिंग हे माणसाचं नाव. जॉन मोझेस ब्राउनिंग, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ऑग्डेन गावच्या बंदूकवाल्याचा मुलगा, जन्म १८५५ चा. त्याच्या डोक्यातून निघालेलं हे पिस्तूल बेल्जियममध्ये लीएज शहराजवळच्या एफएन कारखान्यात बनायचं. १९०० चं मॉडेल जगभर इतकं खपलं, की युरोपात काही ठिकाणी खिशातल्या पिस्तुलालाच लोक ब्राउनिंग म्हणू लागले. आपण कुठल्याही वॉशिंग पावडरला एकाच ब्रँडच्या नावानं हाक मारतो ना, तसंच.

त्याआधी खिशात बाळगायचं हत्यार म्हणजे मुख्यतः रिव्हॉल्वर. रिव्हॉल्वरमध्ये फिरणारं चक्र असतं, त्यात पाच-सहा गोळ्या. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तरी पुन्हा चाप ओढा, पुढचं घर समोर येतं. म्हणूनच रिव्हॉल्वर दगा देत नाही अशी त्याची ख्याती. अडचण एवढीच, की चक्रामुळे ते जाडजूड होतं आणि खिशाबाहेर फुगून दिसतं.

ब्राउनिंगचं पिस्तूल चपटं. गोळ्या मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये, एकावर एक सात. गोळी सुटताना मागे जो धक्का बसतो तोच धक्का वापरून यंत्र रिकामं काडतूस बाहेर फेकतं आणि नवं आत घेतं. धक्का पेलणारी स्प्रिंग नळीच्या वर बसवलेली, आणि काडतुसावर आघात करणारा दांडा पुढे ढकलण्याचं कामही तीच करायची. एका स्प्रिंगकडून दोन कामं. वजन सुमारे सव्वासहाशे ग्रॅम, लांबी वीतभरापेक्षा कमी. कोटाच्या खिशात टाकलं तर कुणाला कळणारही नाही.

हे शक्य झालं ते बिनधुराच्या दारूमुळे. जुनी काळी दारू जळली की नळीत आणि सांध्यात काजळी बसायची. स्वतःहून हलणारं यंत्र अशा काजळीत लगेच अडकलं असतं. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत अशा पिस्तुलांचा रस्ता मोकळा झाला.

अशा पिस्तुलाचा भरवसा मात्र तीन गोष्टींवर टिकतो. मॅगझिन वाकलेलं नसावं, स्प्रिंग थकलेली नसावी आणि काडतूस कोरडं, ताजं असावं. समुद्रातून आलेल्या, मग पावसाळाभर कुठेतरी दडवून ठेवलेल्या काडतुसांचा भरवसा काय? सरावासाठी उडवावी तर पुढची आणायची कुठून? दुकानात तर मिळत नाहीत. नाशिकच्या गटापुढची ही खरी अडचण होती.

.३२ म्हणजे नेमकं किती?

आता थोडं फिजिक्स. या पिस्तुलाची गोळी ७.६५ मिलिमीटरची, इंग्रजी मापात .३२. हा आकडा गोळीचा, म्हणजेच पर्यायानं नळीचा व्यास सांगतो. त्याला आपल्याकडे बोअर म्हणतात. पण नुसत्या व्यासावरून ताकद कळत नाही. ती कळते वजन आणि वेगावरून. अकरावीला शिकलेलं सूत्र आठवा: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग.

.३२ च्या गोळीचं वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सुमारे २९० मीटर. ऊर्जा येते साधारण १९० ज्यूल. त्याच काळात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं वेब्ली रिव्हॉल्वर, .४५५ बोअरचं. त्याची गोळी १७ ग्रॅमची, पण संथ, सेकंदाला जेमतेम १९० मीटर. ऊर्जा सुमारे ३०० ज्यूल. जर्मनीत १९०२ च्या सुमारास आलेली ९ मिलिमीटरची गोळी आठ ग्रॅमचीच, पण वेग ३५० मीटर, म्हणजे ऊर्जा थेट ५०० ज्यूलच्या जवळ. वेगाचा वर्ग होतो ना, म्हणून हलकी पण वेगवान गोळी जड गोळीच्याही पुढे जाते.

या हिशेबात .३२ बिचारी तळाला. सैन्यांनी तिला कमकुवत ठरवलं. फिलिपिन्समधल्या लढाईत .३८ ची गोळीही पुरत नाही असा अनुभव आल्यावर अमेरिकी सैन्यानं .४५ चा हट्ट धरला. त्यासाठीचं पिस्तूलही ब्राउनिंगनंच बनवलं. १९११ च्या चाचणीत त्यानं ६,००० गोळ्या एकदाही न अडकता उडवल्या, अशी त्याची कीर्ती आहे.

पण गंमत बघा. कमकुवत म्हणून सैन्यानं नाकारलेल्या या छोट्या ब्राउनिंगनं राजकारण मात्र हादरवलं. १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियाचा गव्हर्नर जनरल बॉब्रिकोव्ह याच पिस्तुलानं मारला गेला. २६ ऑक्टोबर १९०९ ला हार्बिनच्या रेल्वे स्टेशनवर आन जुंग-गुन या कोरियन तरुणानं जपानच्या इतो हिरोबुमीवर गोळ्या झाडल्या, त्याही याच मॉडेलमधून. तेव्हा नाशिकची घटना दोन महिन्यांवर आलेली होती. या हत्येमागचं कारण ज्यूलच्या कोष्टकात नव्हतं. खिशात मावणारं हत्यार माणसाला आपल्या लक्ष्याच्या दोन हातांवर नेऊन उभं करत होतं. तिथे १९० ज्यूलही पुरतात.

जॅक्सन कोण होता?

आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर. इथे गोष्ट सरळ राहत नाही. हा माणूस संस्कृतचा अभ्यासक होता, इतिहासात रमणारा. लोकांच्या चालीरीती, देवदेवस्की, समजुती, गावोगावच्या कथा यांची माहिती तो गोळा करायचा. त्यासाठी गावच्या शाळामास्तरांकडून त्यानं टिपणं मागवली होती. तो गेल्यावर ती टिपणं एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं संपादित करून छापली. १९१५ मध्ये निघालेल्या त्यातल्या एका पुस्तकाचा विषय होता कोकणातली लोकविद्या. म्हणजे ज्या कोकणातून अनंत आला होता, त्याच कोकणातल्या भुताखेतांच्या आणि ग्रामदेवतांच्या गोष्टी जॅक्सनच्या कागदांत जमा होत होत्या.

आणि हाच जॅक्सन नाशिकमध्ये राज्य सरकारचं चालवत होता. कवी गोविंद यांची देशभक्तीची गाणी छापली म्हणून बाबाराव सावरकरांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. खटला पुढे पाठवणारा जॅक्सन होता. जून १९०९ मध्ये सेशन्स कोर्टानं बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि मालमत्ता जप्त झाली. गाण्यांच्या पुस्तिकेसाठी एवढी शिक्षा! सगळं नाशिक सुन्न झालं. १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या आणि १७ ऑगस्टला ते फासावर गेले. हिंदुस्थानातल्या गुप्त मंडळांत ही बातमी विजेसारखी पसरली.

अनंतची जॅक्सनशी ओळख नव्हती, भांडण तर नव्हतंच. जॅक्सन दिसतो कसा हे सुद्धा त्याला आधी जाऊन पाहून ठेवावं लागलं. एकाला दुसऱ्याच्या विद्वत्तेची खबर नाही, दुसऱ्याला पहिल्याच्या अस्तित्वाचीच नाही. मधे होतं ते साम्राज्य.

२१ डिसेंबर १९०९

जॅक्सनची बढतीवर मुंबईला बदली झाली. तो जायच्या आत काम उरकायचं, असं कर्व्यांच्या गटानं ठरवलं. संधी चालून आली ती नाटकाच्या रूपानं. निरोप म्हणून विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचा संगीत शारदाचा प्रयोग ठेवला होता. सांगलीकरांना हे नाटक सांगायला नको. ते लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. पैशासाठी कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावणाऱ्या समाजावर त्यांनी कोरडे ओढले होते. त्या प्रयोगात बालगंधर्व होते.

बेत असा होता, की पहिला वार अनंतनं करायचा. तो चुकला तर देशपांडे, तोही चुकला तर कर्वे. तिघांजवळ हत्यारं होती. अनंतनं कामगिरी पार पडल्यावर स्वतःलाही संपवायचं, म्हणजे पकडलं जाऊन कुणाचं नाव तोंडातून निघायला नको, असंही ठरलं होतं. हा बेत म्हणजे एक प्रकारे भरवशाचाच हिशेब होता. एक यंत्र अडकलं तर दुसरं, दुसरं अडकलं तर तिसरं.

जॅक्सन नाट्यगृहात शिरला. लोक स्वागताला पुढे झाले. अनंत आधीच आत होता. त्यानं गोळी झाडली, ती चुकली. मग समोर येऊन त्यानं पुन्हा चाप ओढला, आणखी गोळ्या सुटल्या. जॅक्सन तिथेच कोसळला आणि गेला. पिस्तूल अडकलं नाही. काडतुसं फुसकी निघाली नाहीत. लीएजच्या कारखान्यातून निघून, खोट्या तळाखालून समुद्र ओलांडून, पावसाळा काढून आलेलं यंत्र आपलं काम करून मोकळं झालं. दुसऱ्या-तिसऱ्याची गरज पडली नाही.

फसला तो बेताचा उरलेला अर्धा भाग. आजूबाजूच्या माणसांनी अनंतवर झडप घातली. त्यात पोलीस खात्यातले हिंदी अधिकारी होते. काठ्या बसल्या, हात धरले गेले. स्वतःवर गोळी झाडायला त्याला सवडच मिळाली नाही. तो जिवंत पकडला गेला.

पिस्तुलानंतर

इथून पुढे जे झालं त्यात पिस्तुलाचा काही भाग नव्हता. माणसांचा होता. अटकसत्र सुरू झालं. गटातले काहीजण पोलिसांपुढे बोलले. कुणी जवळच्या दोस्ताचं नाव घेतलं, कुणी लपवलेल्या वस्तूंची जागा दाखवली. विशी-बाविशीतली ही मुलं. त्यांना कोठडी काय असते हे माहीत नव्हतं, तेव्हा त्यांना नावं ठेवणं आपल्याला फार सोपं आहे.

मुंबई हायकोर्टात सातजणांवर खटला चालला. २९ मार्च १९१० ला निकाल लागला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी. तिघांना जन्मठेप काळं पाणी, एकाला दोन वर्षं सक्तमजुरी. म्हणजे ज्यांच्या पिस्तुलांतून त्या रात्री एकही गोळी सुटली नव्हती, ते दोघेही फासावर.

१९ एप्रिल १९१० ला सकाळी ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी देण्यात आलं. मृतदेह घरच्यांच्या ताब्यात दिले नाहीत. घटनेपासून फाशीपर्यंत चार महिनेही पूर्ण झाले नव्हते. अनंत तोवर कोर्टात शांत होता. आपण केलं ते त्यानं नाकारलं नाही.

पण एवढ्यावर संपलं नाही. ते ब्राउनिंग अमीनच्या पेटीतून आलेल्या विसांपैकी होतं. हा धागा पोलिसांना नाशिकहून मुंबईला आणि मुंबईहून लंडनला घेऊन गेला. १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर विनायक सावरकरांना अटक झाली. त्यांना हिंदुस्थानात आणताना मार्सेलिस बंदरात त्यांनी मारलेली उडी सगळ्यांना ठाऊक आहे. पिस्तुलं पाठवणं हा त्यांच्यावरचा मोठा आरोप होता. पुढे दोन जन्मठेपा झाल्या, एकूण ५० वर्षांच्या. नाशिक कटाच्या खटल्यात ३८ जण उभे केले गेले, २७ दोषी ठरले. नाशिकमधली संघटना उन्मळून पडली.

खिशात सहज मावणारं, बोलता बोलता काम करणारं हत्यार मिळालं होतं. पण त्यामागे उभं राहायला लागणारी बाकीची व्यवस्था, म्हणजे गुप्तता, पैसा, वकील, मागे राहणाऱ्यांची सोय, हे सगळं पोरसवदा खांद्यांवर होतं. यंत्राचा भरवसा निघाला, माणसांवर पडलेला भार मात्र त्यांना पेलण्याबाहेरचा होता.

गोळी अडते तेव्हा

अनंतची गोष्ट आणखी दोन घटनांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. दोन्ही पुण्यातल्या.

पहिली २२ जून १८९७ ची. गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर पिस्तुलं झाडली. आयर्स्ट जागीच गेला. रँड मात्र ३ जुलैपर्यंत जगला. एकाच रात्री, काही क्षणांच्या अंतरानं सुटलेल्या गोळ्या, आणि परिणाम इतका वेगळा. गोळी किती मोठी यापेक्षा ती कुठे लागली यावर सगळं अवलंबून, हे तेव्हाच दिसलं होतं.

दुसरी २२ जुलै १९३१ ची, थेट कॉलेजातली. सोलापूरच्या मार्शल लॉचा आणि तिथल्या चार हुतात्म्यांच्या फाशीचा राग मनात धरून वासुदेव बळवंत गोगटे या फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यानं कॉलेजात आलेल्या हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला. त्याच्या छातीवरच्या खिशात पाकीटवही होती आणि गोळी तिच्या धातूच्या बटणावर अडली. हॉटसननं चिलखत घातलं होतं अशीही बोलवा पसरली. गोगट्यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली, पण फाशी टळली.

आणि मग काय झालं? तुरुंगातून सुटल्यावर गोगटे वकील झाले, राजकारणात आले, पुण्याचे महापौर झाले. विधान परिषदेतही बसले. ज्या शहरात त्यांनी गव्हर्नरवर गोळी झाडली त्याच शहराचे ते पहिले नागरिक झाले. १९७४ पर्यंत जगले. एका बटणानं दोन माणसांची आयुष्यं शिल्लक ठेवली.

अनंतच्या ब्राउनिंगनं तशी संधी कुणालाच ठेवली नाही. स्वातंत्र्य आलं तेव्हा तो जगला असता तर ५५ वर्षांचा असता. मित्रप्रेम लिहिणाऱ्या मुलानं पुढे काय लिहिलं असतं, हे कळायला आता मार्ग नाही. जॅक्सनच्या टिपणांचं त्यानं स्वतः काय केलं असतं, हेही नाही.

तीच गोळी, आजचा कायदा

शेवटी एक योगायोग. १८७८ चा कायदा जाऊन स्वतंत्र भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आला. रंगाचा भेद संपला, परवान्याची सक्ती राहिली, आणि आता ती सगळ्यांना सारखी. ९ मिलिमीटर बोअर सैन्य आणि पोलिसांसाठी राखीव. सामान्य माणसाला स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचा परवाना मिळालाच तर बहुतेक वेळा मिळतं ते .३२. आपल्या सरकारी आयुध कारखान्यात बनणाऱ्या .३२ पिस्तुलाचं काडतूस म्हणजे तेच, ब्राउनिंगचं, अनंतच्या मॅगझिनमध्ये होतं ते. सव्वाशे वर्षांत बदललेलं नाही. (.३२ रिव्हॉल्वरचं काडतूस मात्र वेगळं. आकडा एकच असला तरी एकाचं दुसऱ्यात चालत नाही.)

परवान्यासाठी वयाची अट २१ वर्षं पूर्ण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. लग्नात, वरातीत हवेत गोळीबार केला तर तोही गुन्हा. आणि रीलसाठी कुणाचा तरी गावठी कट्टा हातात धरून फोटो टाकला, तर पोलीस घरी यायला लाइक्स मोजत बसत नाहीत.

अनंतला रील करायचं नव्हतं. त्याच्यासमोर गुलामी होती, काळं पाणी होतं, गाण्यांसाठी जन्मठेप देणारं सरकार होतं. त्यासाठी त्यानं जे केलं त्याची पूर्ण किंमत स्वतः मोजली, म्हणून मैदानाला त्याचं नाव आहे. आपल्यासमोर मतपेटी आहे, कोर्ट आहे, माहितीचा अधिकार आहे, मोर्चा आहे. ही हत्यारं हळू चालतात, पुष्कळदा अडकतातही. पण अडकली तर पुन्हा चाप ओढायला माणूस शिल्लक राहतो.

पुढच्या वेळी नाशिकच्या मॅचचा स्कोअर बघाल, तेव्हा मैदानाचं नाव पूर्ण वाचा. शेजारी आणखी दोन नावं मनात घ्या, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. त्यांची मैदानं नाहीत.